गाणं सुरू असताना भूमिका कुठे जाते?

संगीत नाटकाचा प्रयोग सुटल्यावर नाट्यगृहाच्या दाराशी पाच मिनिटं उभं राहावं. गाडीच्या किल्ल्या चाचपत, रिक्षाला हात करत माणसं काय बोलतात ते ऐकावं. कुणी म्हणतं, ‘‘गाणी झकास झाली हो, नाटक आपलं ठीक.’’ कुणी उलट म्हणतं, ‘‘काम चांगलं करतो, पण गळा नाही.’’ नंतर छापून येणारं परीक्षण बहुतेक वेळा याच दोन वाक्यांचं लांबवलेलं रूप असतं. आधी कथानक, मग अभिनयाला एक परिच्छेद, गायनाला एक परिच्छेद आणि शेवटी नेपथ्य, प्रकाशयोजना, रंगभूषा यांना एकेक विशेषण. म्हणजे रंगमंचावर उभ्या असलेल्या एका माणसाचे आपण दोन तुकडे करतो. एका तुकड्याला गायक म्हणून गुण देतो, दुसऱ्याला नट म्हणून.

मीही अशी परीक्षणं लिहिली आहेत. त्यातल्या एकाची बोच अजून गेलेली नाही. ती गोष्ट शेवटी सांगतो. आधी संगीत नाटकातली भूमिका पाहायची म्हणजे नेमकं काय पाहायचं, हे मला जसं हळूहळू कळत गेलं तसं तुमच्यापुढे मांडतो.

माझं लहानपण मिरजेत गेलं, सतारमेकर गल्लीच्या आसपास. संगीत मी शिकलो नाही. बी. ए. झालो आणि कविता लिहायला लागलो, एवढंच. पण अब्बा तंबोरे बनवणाऱ्या एका कारखान्यात कामाला होते. त्यामुळे सूर माझ्या कानावर पडले ते गळ्याच्या आधी भोपळ्यातून आणि लाकडातून. तंबोरा तयार होत आला की शेवटचं काम जवारीचं. घोडीचा माथा कानशीनं हलक्या हातानं घासायचा, तारेखाली सुताचा धागा सरकवायचा आणि तार छेडून ऐकत राहायचं. धागा केसभर इकडे गेला तर तार मुकी होते, केसभर तिकडे गेला तर नुसती खरखरते. मधे एक जागा असते, तिथं तार बोलायला लागते. गिऱ्हाईक आलं की अब्बा त्याच्याकडे बघत राहायचे. ते गेल्यावर म्हणायचे, ‘‘नक्शी देखनेवाला गिराइक अलग, कान लगानेवाला अलग.’’

संगीत नाटकाचं तसंच आहे. गद्य संपून पद सुरू होतं आणि पद संपून पुन्हा गद्य सुरू होतं, त्या मधल्या जागेला कान लावावा. नट तिथं सापडतो.

थोडं मागं जाऊ. आमच्या शेजारच्या सांगलीत १८४३ साली विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं. त्या नाटकांत पदं म्हणायचा तो सूत्रधार. पात्रं यायची, सोंगं वठवायची, बरंचसं आयत्या वेळी सुचेल तसं बोलायची. गाणारा वेगळा आणि वावरणारा वेगळा. पुढे ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’चा पहिला प्रयोग झाला. त्यात पात्रं स्वतःची पदं स्वतः गाऊ लागली. शकुंतलेच्या मनातली गोष्ट शकुंतलेच्याच तोंडून सुरात आली. आज ऐकताना यात काही विशेष वाटत नाही. पण मराठी संगीत नाटक वेगळं झालं ते या एका गोष्टीनं. गाणं सूत्रधाराकडून काढून घेतलं आणि पात्राला दिलं.

म्हणून परीक्षणात गाणं एकीकडे आणि अभिनय दुसरीकडे लिहिला की मला वाटतं, आपण १८८० च्या पलीकडे निघालो. किर्लोस्करांनी जे जोडलं ते आपण पुन्हा उसवतो आहोत.

अर्थात हे उसवणं नुसतं समीक्षकांनी केलं असं नाही. नाटकवाल्यांचाही त्यात हात आहे, आणि त्यामागं मोठी श्रीमंत परंपरा आहे. ‘सौभद्रा’च्या काळातली पदं बहुतेक आटोपशीर. साकी, दिंडी, कामदा अशा ओळखीच्या चालींत कथा पुढे सरकायची. विसाव्या शतकात ख्याल गायकीचं पाणी या रंगभूमीवर आलं. १९१६ च्या ‘स्वयंवर’ला भास्करबुवा बखल्यांनी चाली दिल्या. बुवा शिकले होते फैज महंमद खाँ, नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ या उस्तादांकडे. बुवांच्या हाताखाली बालगंधर्व तयार झाले. त्या बालगंधर्वांच्या साथीला पुढे तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष बसत. मराठी घरांत देवघरातल्या समईसारखी जपलेली ही नाट्यपदं. त्यांच्या तेलवातीत किती घरांचं तेल आहे, हे कधीतरी आठवावं.

इतकी मोठी गायकी आली आणि तिच्याबरोबर अडचणही आली. पद लांबलं. तीन मिनिटांचं पद पंधरा मिनिटांचं झालं. ‘वन्स मोअर’ सुरू झाले. प्रयोग पहाटेपर्यंत चालू लागले. रुक्मिणीनं पत्र लिहायला घ्यावं आणि रसिकांनी तिला पुन्हा पुन्हा मागे बोलवावं. अशा वेळी भूमिका कुठे जाते? बालगंधर्वांना जवळून ऐकलेली माणसं सांगत की ती कुठेच जात नसे. शब्दाचा अर्थ ते सुरातून सुटू देत नसत. ‘एकच प्याला’तल्या सिंधूसाठी भरजरी शालूंचा हा राजा ठिगळाचं लुगडं नेसून जात्याशी बसे, आणि गाणंही त्या लुगड्याला शोभेल असंच होई. त्यांच्यामागून आलेल्या अनेकांनी तानांचं अनुकरण केलं. लुगड्याचं कुणी फारसं केलं नाही.

बालगंधर्वांनी शकुंतलेची पहिली भूमिका केली ती मिरजेत, हंसप्रभा थिएटरात. आज तिथं त्यांच्याच नावाचं नाट्यगृह आहे. लहानपणी त्या बाजूनं जाताना आम्हाला मोठी माणसं हे अभिमानानं सांगत. पण ती भूमिका कशी केली, हे मात्र कुणी सांगत नसे. परीक्षण लिहायचं ते यासाठी. आवाज तबकडीवर राहतो. आवाज निघताना माणूस कसा उभा होता, कुणाकडे बघत होता, ते राहत नाही. ते लिहून ठेवणारा लागतो.

आता एक नाटक घेऊ आणि त्यावर हे सगळं तपासून पाहू. पुरुषोत्तम दारव्हेकरांचं ‘कट्यार काळजात घुसली’. पहिला प्रयोग २४ डिसेंबर १९६७. निर्मिती प्रभाकर पणशीकरांच्या नाट्यसंपदेची, संगीत जितेंद्र अभिषेकींचं. खाँसाहेब आफताब हुसेन बरेलीवाले यांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे, त्यांची लेक झरीना म्हणजे फैय्याज आणि सदाशिव झाले प्रसाद सावकार. गोष्ट आपल्याला माहीत आहे. विश्रामपूर संस्थानात राजगायकाच्या पदासाठी मैफल होते. खाँसाहेब वर्षानुवर्षं पंडित भानुशंकरांपुढे हरतात आणि एका वर्षी पंडितजी न गाताच उठून जातात. खाँसाहेब राजगायक होतात, हवेली मिळते, कट्यार मिळते. पुढे पंडितजींच्या गाण्याचा ध्यास घेतलेला सदाशिव त्याच हवेलीत येऊन गाणं कानात साठवू लागतो.

या नाटकातली पदं आणि ‘सौभद्र’ किंवा ‘शारदा’मधली पदं यांत एक मोठा फरक आहे. परीक्षण लिहिणाऱ्यानं तो पहिल्यांदा ओळखावा. सुभद्रा गाते तेव्हा ती ‘गाते’ आहे हे नाटकातल्या दुसऱ्या पात्रांना ठाऊकच नसतं. त्यांच्या दृष्टीनं ती बोलते आहे. तिचं पद म्हणजे उंच झालेलं बोलणं. ‘कट्यार’मधले खाँसाहेब मात्र खरोखरचे गवई आहेत. ते गातात तेव्हा रंगमंचावरची माणसं गाणं ऐकत असतात, दाद देतात, जळतात, घाबरतात. तिथं गाणं ही घटना आहे. कुणी मारामारी करावी तसे खाँसाहेब गातात.

म्हणून एकच तान दोन नाटकांत दोन वेगळे गुण मिळवते. सुभद्रेच्या पदात दहा आवर्तनांची तानबाजी झाली तर ती कितीही सुरेल असो, अर्जुनाच्या आठवणीनं व्याकूळ झालेली मुलगी मधेच रियाजाला बसली असं वाटतं. खाँसाहेबांची तान लांबली तर ते त्यांच्या स्वभावातच आहे. त्यांना समोरच्याला चीत करायचं आहे. परीक्षक मात्र दोन्हीकडे ‘दमदार ताना’ असं लिहून मोकळा होतो.

‘कट्यार’मध्ये याची परीक्षा घेणारी एक सुंदर सोय आहे. कमळातल्या मधाचं आणि भुंग्याचं एक पद आहे. एकच शब्द, पण पंडितजींच्या घराण्याची चाल वेगळी आणि खाँसाहेबांच्या घराण्याची वेगळी. अभिषेकीबुवांनी दोन माणसांचे दोन स्वभाव सुरांत लिहून ठेवले आहेत. एकाचं गाणं आत वळतं, दुसऱ्याचं अंगावर येतं. प्रयोग पाहताना एवढंच विचारावं की दोघांच्या गाण्यातला हा फरक नुसत्या चालीमुळे आला आहे, की गाणाऱ्यांच्या वागण्यातही आहे? पंडितजी झालेला नट शेवटच्या आवर्तनाला टाळीसाठी प्रेक्षकांकडे बघत असेल, तर गळा कितीही तयार असो, त्या क्षणी तो खाँसाहेब झाला. आणि मग नाटकात भांडणच उरलं नाही.

दुसरी जागा. पंडितजींच्या हवेलीत राहायला आल्यावर खाँसाहेब एक पद गातात. या घरातली जुनी, मवाळ गाणी आता बाहेर जाऊ देत, असा त्याचा भाव. बहुतेक नट ते विजयाचं गाणं म्हणून गातात. चाल जोरकस आहे, टाळ्या हमखास. पण जरा विचार करा. या माणसाला विजय मिळाला तो कसा? समोरचा गायलाच नाही. ज्याला हरवण्यासाठी आयुष्य घासलं, त्याला त्यानं हरवलेलंच नाही. मग भिंतींना धमकावणाऱ्या त्या तानांत थोडी भीतीही हवी. मी अनेक खाँसाहेब पाहिले, नामवंत आणि हौशी. ज्यांच्या गाण्यात ही भीती ऐकू आली त्यांचा गळा नेहमीच सर्वांत तयार होता असं नाही. पण पडदा पडल्यावर मी त्यांच्याविषयीच बोलत घरी आलो.

वसंतरावांची गोष्ट आली की तुलना येतेच. ते काही केवळ मराठी नाट्यसंगीतावर वाढलेले नव्हते. दीनानाथांची गायकी त्यांनी आपलीशी केली होती, लाहोरला असद अली खाँसाहेबांकडे शिकले होते आणि कित्येक वर्षं लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी केली होती. उस्ताद कसा बसतो, पान कसं लावतो, शिष्यावर कसा उखडतो, हे त्यांनी जवळून पाहिलं असणार. १९८३ मध्ये ते गेले. २०१० मध्ये सुबोध भावे यांनी नाटक पुन्हा उभं केलं तेव्हा खाँसाहेब झाले त्यांचेच नातू राहुल देशपांडे आणि सदाशिव झाले महेश काळे. २०१५ मध्ये चित्रपट आला. प्रत्येक वेळी एकच वाक्य लिहिलं गेलं, ‘वसंतरावांची सर नाही’ किंवा ‘वसंतरावांची आठवण झाली.’ दोन्ही वाक्यं खरी असतील, पण ती आपल्या आठवणीचं परीक्षण करतात. समोर झालेल्या प्रयोगाबद्दल त्यांतून काहीच कळत नाही. माझ्या वयाच्या बऱ्याच जणांनी तर वसंतरावांना रंगमंचावर नीट पाहिलेलंही नाही, फक्त ध्वनिफितीवर ऐकलं आहे. आपण एका माणसाची एका कॅसेटशी तुलना करत असतो.

आणखी एक गोष्ट मी या नाटकात बघतो. इतरांच्या ती कदाचित लक्षातही येणार नाही. खाँसाहेब मुसलमान आहेत. मराठी रंगमंचावर मुसलमान पात्र आलं की नटाला सोपी वाट मोहात पाडते. डोळ्यांत सुरमा, शेरवानी, दर वाक्याला हात कपाळाशी आणि सिनेमात ऐकलेलं उर्दू. बरेलीकडून आलेला गवई, वर्षानुवर्षं मराठी मुलखात राहिलेला, तो कसा बोलेल? आमच्या घरी दखनी बोलतात. ती बरेलीची नव्हे आणि मुंबईच्या रस्त्यावरची तर नव्हेच. झरीना हे नाव हाक मारताना बाप ‘जरा’तल्या ‘ज’सारखा हलका उच्चार करेल, ‘झेंडा’तला ‘झ’ ठोकणार नाही. या बारीक गोष्टी वाटतात. पण बापानं लेकीचं नाव परक्यासारखं उच्चारलं की पुढची तान मला ऐकू येत नाही. उलट एका हौशी प्रयोगात एका तरुण नटानं मैफलीला बसण्यापूर्वी नुसता तंबोऱ्याला हात लावून तो कपाळाला लावला. नाव खाँसाहेबांचं, सवय माझ्या अब्बांची. मी अंधारात मान खाली घातली. वेशभूषेनं मुसलमान झालेला खाँसाहेब मी पुष्कळदा पाहिला आहे. तो आधी गवई, आधी माणूस असलेला पाहिला की बरं वाटतं. परीक्षणात हे लिहायला हवं, कारण ते लिहिणारे थोडे असतात.

झरीनेची भूमिका गाजवणाऱ्या फैय्याज सोलापूरच्या. २०१५ मध्ये बेळगावच्या नाट्यसंमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या. त्यांच्याविषयी लिहिताना एक सांगतो. गाणाऱ्या नटीची खरी कसोटी पुष्कळदा दुसरा गात असताना लागते. खाँसाहेब गातात तेव्हा झरीना काय करते? नुसती मान डोलवत राहिली तर ती बैठकीतली श्रोता. पण बापाचं गाणं आणि बापाचा अहंकार दोन्ही एकदम ऐकणारी मुलगी असेल, तर तिच्या चेहऱ्यावर अभिमान आणि काळजी आळीपाळीनं येतील. त्यासाठी तिला एकही ओळ दिलेली नाही. परीक्षकाची नजर गाणाऱ्यावर खिळलेली असते आणि हे सगळं निसटतं. पदाच्या दुसऱ्या कडव्याला मी हल्ली मुद्दाम गाणाऱ्यावरची नजर काढून ऐकणाऱ्यांकडे बघतो. २०१७ साली रंगभूमीवर आलेलं ‘संगीत देवबाभळी’ अवघ्या दोन स्त्रियांचं नाटक आहे, आवली आणि लखूबाई. तिथं तर एकीचं ऐकणं हेच दुसरीच्या गाण्याचं नेपथ्य आहे.

आता ती राहिलेली गोष्ट.

१९९४ चा हिवाळा असेल. मी चोविशीत होतो आणि एका स्थानिक साप्ताहिकात नाटकांवर लिहीत होतो. एका हौशी मंडळींनी ‘कट्यार’ बसवलं होतं. खाँसाहेब झालेल्या गृहस्थांचा आवाज मोठा होता. मी त्यांच्यावर दीड रकाना लिहिला. झरीनेचं काम कॉलेजात शिकणारी एक मुलगी करत होती. तिच्या वाट्याला एकच वाक्य आलं. ‘झरीनेच्या भूमिकेतील कलावती गळ्याने कमी पडल्या, वरच्या सप्तकात सूर ढळला, तर खालचा ऐकूच आला नाही.’ वाक्य जमलं म्हणून मी खूश होतो. अर्धविरामाचा तर विशेष अभिमान वाटला होता.

दोनेक वर्षं गेली. मिरजेला ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी गाण्याची मोठी मैफल होते. अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर तिथंच आहे. त्या रात्री मी आवारात चहा घेत उभा होतो. त्या प्रयोगात ऑर्गनला बसलेले मास्तर शेजारी येऊन उभे राहिले. सत्तरीचे असतील. म्हणाले, ‘‘काय रे, नाटकावर लिहितोस तो तूच ना?’’

मी म्हटलं, ‘‘हो मास्तर. तुम्ही वाचता?’’

‘‘वाचलं होतं. त्या झरीनेवर लिहिलेलं. सूर ढळला म्हणालास. खरंच ढळला होता.’’ मग कपातला चहा संपवून म्हणाले, ‘‘बापाची पट्टी काळी एक. लेकीचीही काळी एकच ठेवली होती. तिची पट्टी काळी चार रे. पण ती पदं माझ्या बोटात बसली होती काळी एकमध्ये, या वयात दुसरीकडून वाजवायला जमेना. मी म्हटलं, पोरी, घे सांभाळून. तिनं घेतलं. तू परीक्षण लिहिलंस माझ्या बोटांचं. नाव तिचं घातलंस.’’

मला काय बोलावं सुचेना. ‘‘आता कुठे काम करते ती?’’ मी विचारलं.

‘‘कुठलं काम! घरात आधीच कुरबुर होती. लग्नाचं चाललं होतं. वडिलांनी तुझं कात्रण पुढे ठेवलं. म्हणाले, बघ, पेपरवालेसुद्धा म्हणतात तुला गळा नाही. मग कशाला हा हट्ट?’’

ज्यांना पट्टीचं गणित माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पेटीवर प्रत्येकाचा ‘सा’ वेगळ्या सुरावर असतो. पुरुषाला सोयीचा ‘सा’ साधारण काळी एकच्या आसपास, बाईला काळी चार किंवा पाचच्या. बाईला पुरुषाच्या पट्टीत गायला लावलं की वरचा ‘सा’ गाठताना तिची दमछाक होते, आणि खालच्या अंगानं गायली तर आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचत नाही. माझं वाक्य आठवा. वर सूर ढळला, खाली ऐकू आला नाही. लक्षण मी अगदी अचूक लिहिलं होतं. त्याचं कारण विचारायला मात्र आत गेलो नव्हतो. पडद्यामागं जायला वीस पावलं पुरली असती.

ती मुलगी पुढे मोठी गायिका झालीच असती, असं मी म्हणत नाही. घरातली कुरबुरही मी निर्माण केली नव्हती. पण ज्यांना तिला थांबवायचं होतं त्यांना आयता पुरावा मी पुरवला, आणि तो चुकीचा होता. कागदावर छापलेल्या वाक्याचं असं असतं. लिहिणारा पुढच्या नाटकाकडे जातो, वाक्य मात्र कुणाच्या तरी घरी राहायला जातं.

तेव्हापासून मी काही साध्या सवयी लावून घेतल्या. प्रयोगाआधी किंवा मध्यंतरात साथीदारांशी दोन शब्द बोलतो. कुणाची पट्टी कुठली, तबला-ऑर्गन सरावाला किती दिवस होते, ते विचारतो. हल्ली ध्वनिक्षेपण सांभाळणाऱ्यालाही विचारतो. पूर्वी आवाज गळ्यानं मागच्या रांगेला पोचवावा लागे, आता तो माइकमधून जातो. माइक नीट नसेल तर गद्य घुमतं, पद किंचाळतं आणि शिव्या नटाला बसतात. दुसरी सवय म्हणजे विशेषणं कमी केली. गोड, सुरेल, दमदार, भारदस्त, कसदार हे शब्द कुठल्याही प्रयोगाला लावता येतात, म्हणून ते कुठल्याच प्रयोगाचे नसतात. त्याऐवजी काय घडलं ते लिहितो. ‘खाँसाहेबांचा राग उत्तम’ असं न लिहिता ‘शेवटचं वाक्य अर्ध्यावर सोडून ते सुरात शिरले, तेव्हा वाक्य पूर्ण करायला त्यांना शब्द पुरले नाहीत असं वाटलं’ असं लिहितो. हे वाचून नटाला कळतं की आपलं काय पोचलं. प्रयोग न पाहिलेल्यालाही काहीतरी दिसतं.

आणि चूक दिसली तर? ती लिहावीच. तोंडदेखली स्तुती हाही कलावंताचा अपमान आहे. हौशी आहेत, बिचारे नोकऱ्या सांभाळून करतात, असं म्हणून सोडून देणं म्हणजे त्यांना नट न मानणं. पण चूक लिहिण्याआधी ती कुणाची, हे शोधावं. चाल भूमिकेला न शोभणारी असेल तर ती संगीत दिग्दर्शकाची. पद चालू असताना बाकीची पात्रं खांबासारखी उभी असतील तर ती दिग्दर्शकाची. वन्स मोअर घेतल्यामुळे रडणारी नायिका हसून पुन्हा रडायला लागली, तर निम्मी चूक टाळ्या पिटणाऱ्या आपली. हे सगळं वजा केल्यावर जे उरेल ते नटाच्या नावावर टाकावं, चांगलं असो वा वाईट.

आपल्यापैकी सगळेच काही परीक्षणं लिहीत नाहीत. पण नाट्यगृहाच्या दाराशी उभं राहून आपण सगळेच बोलतो, आणि ते ऐकणारं कुणीतरी जवळपास असतं. कधी आतून रंग पुसून आलेली एखादी मुलगी, कधी तिचे वडील.

अजूनही ‘कट्यार’चा प्रयोग कुठे लागला की मी जातो. झरीना गायला लागली की डोळे मिटतो आणि आधी ऑर्गनचा ‘सा’ शोधतो. तो तिच्या गळ्याचा आहे अशी खात्री पटली की मग डोळे उघडून तिच्याकडे बघतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)